ताट फेकलं नव्हतं

नाना मोकल मालिका बघायला बसायचे ते ड्यूटीवर निघाल्यासारखे. आठ वाजायच्या आधी तोंड धुऊन, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसलेले असत. पलंगावर लोळत टीव्ही बघणाऱ्या माणसांचा त्यांना राग यायचा. मालिका चालू असताना कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. जाहिराती लागल्या की मात्र ते रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद करत आणि स्वतःचा सुरू करत. पेणच्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्या अगदी खालच्या घरात. खिडक्या उघड्या असल्या की त्यांची मतं मला जेवता जेवता ऐकू येत.

गणपती झाले की आमच्याकडे मूर्तींचे कारखाने रिकामे होतात आणि तिकडे वाहिन्यांवर नव्या मालिका भरायला लागतात. त्या दिवसांत नाना अगदी भरात असत. सकाळी दूध आणायला जाताना मला गाठून सगळा हिशेब मांडत.

"चार नव्या मालिका आल्या, सदा. चारी घरांत मधोमध जिना हाय. मोरी एकाही घरात नाय. ही माणसं आंघोळ करतात कुठं?"

"ती सून बघितलीस? झोपेतून उठली तर डोक्यात गजरा ताजा. रात्रभर उशीला डोकं टेकलंच नाय काय तिनं?"

कंपनीचा मालक दाखवला की त्यांचा पारा चढायचा. "कंपनी म्हणे! भोंगा नाय, गेटपास नाय, हेल्मेट नाय. फायलीवर सही करतो आणि गाडीत बसतो. याला एक नाइट शिफ्ट लावा, मग कळेल कंपनी काय असते."

हे वाचून कोणाला वाटेल, मोठा गमतीचा म्हातारा असेल. बाहेरच्यांना तो तसा होताही. घरच्यांना नव्हता.

नाना मूळचे पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावचे. वडील मिठागरावर. मिठाच्या पाण्यात उभं राहून वडिलांच्या पायांना भेगा पडलेल्या असत आणि त्या पायांकडे बघून आपण बूट घालायचे असं नानांनी लहानपणीच ठरवलं होतं. नागोठण्याजवळच्या कंपनीत ते ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्ट इनचार्ज होऊन निवृत्त झाले. मी त्याच कंपनीत स्टोअरला होतो. सकाळच्या बसमध्ये आम्ही सगळे गडब गाव यायच्या आत डुलक्या काढायला लागायचो. नाना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर डोळे उघडे ठेवून बसलेले असत. कामात माणूस चोख. एकदा एक कंत्राटी पोरगा हेल्मेटशिवाय आत चालला होता. नानांनी त्याला दंडाला धरून गेटपर्यंत परत नेलं आणि स्वतःचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर घातलं. कंपनीतली जुनी माणसं हे अजून सांगतात.

पण शिफ्ट संपल्यावर नाना तो भोंगा घरी घेऊन यायचे. "या घरात भोंगा एकच वाजतो," हे त्यांचं वाक्य. बायकोनं न विचारता पडदे बदलले, मुलीनं कॉलेजच्या सहलीला नाव दिलं, मेव्हण्यानं कशावर मत सांगितलं, की हे वाक्य यायचं. पाहुण्यांसमोर यायचं, जिन्यात यायचं, दारात भाजीवाली उभी असताना यायचं. आमच्या इमारतीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नव्हता.

त्यांची बायको सुमनताई. रोह्याच्या पलीकडच्या गावची, वालाची शेती असलेल्या घरातली. माझी बायको नंदा त्याच गावची, म्हणून नंदा तिला ताई म्हणायची आणि मीही. सुमनताईला मालिका बघायची हौस होती. नानांना तेव्हा मालिकांचा तिटकारा. "बंद कर ती रडारड," म्हणून ते टीव्ही बंद करत. मग ती भांडी आटपून आमच्याकडे यायची आणि नंदाशेजारी बसून बघायची. तिचा एक डोळा पडद्याकडे आणि एक कान जिन्याकडे असायचा. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला की ती अर्ध्यातून उठायची. नंदा दुसऱ्या दिवशी तिला उरलेली गोष्ट सांगायची.

एक प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे. थंडीत सुमनताईच्या भावानं रोह्याहून वाल पाठवले होते. तिनं बिरडं केलं आणि नानांनी मला जेवायला बोलावलं. पहिल्याच घासाला नाना थांबले. बिरडं खारट झालं होतं, थोडंसंच. नानांनी ताट हातानं पुढे ढकललं. ते फरशीवरून घसरत गेलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आपटून उलटं झालं.

"हे तुझ्या भावाला वाढ," नाना म्हणाले. "या घरात भोंगा एकच वाजतो आणि तो सांगतोय, जेवण नको."

सुमनताई फडकं घेऊन आली आणि पुसायला बसली. तिची मुलगी वैशाली, तेव्हा शाळेत होती, दारात उभी राहून बघत होती. ती आईकडे बघत नव्हती. बापाच्या तोंडाकडे बघत होती, पाठ करत असल्यासारखी.

ही वैशाली बारावीनंतर मुंबईला शिकायला गेली. तिकडे एकांकिका लिहायला लागली. नानांनी फोनवर सांगितलं, "नाटकंच करायची असतील तर परत येऊ नकोस." ती आली नाही. म्हणजे नाना सेकंड शिफ्टला असत तेव्हा यायची. आमच्या घरी आईला भेटायची आणि बस परतायच्या आत निघून जायची.

सुमनताईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा नाना निवृत्तीला आले होते. तिनं सांगितलं तर म्हणाले, "गॅस झालाय, ओवा खा," आणि बूट घालून निघाले. तिनं परत सांगितलं तर म्हणाले, "मी घरी असलो की तुझं दुखतं कसं बरोबर?" मग तिनं सांगणं सोडून दिलं. शेवटी नंदानं तिला पेणमधल्याच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी लगेच मुंबईला पाठवलं. तिथं कळलं की फार उशीर झालाय.

शेवटच्या दिवशी सुमनताईनं नानांना आत बोलावलं. वैशाली उशाशी होती, मी आणि नंदा दारात. नाना आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे बघितलं. नानांनी तिच्याकडे न बघता सलाईनच्या नळीकडे बघितलं, थेंब कसे पडतायत ते निरखलं आणि नर्सला हाक मारून म्हणाले, "फ्लो कमी झालाय, बघा जरा." मग बाहेर जाऊन बाकावर बसले. ती संध्याकाळी गेली.

त्यानंतर नाना मालिका बघायला लागले. एकटेपणामुळे असेल, असं आम्ही समजलो. नंदा मात्र म्हणाली, "आता बघतायत. ताई होती तेव्हा टीव्ही बंद करायला हात पुढे."

तीन-चार हंगाम असे मतं देण्यात गेले. मग एका वर्षी नव्या मालिकांच्या जाहिराती सुरू झाल्या आणि नंदानं एका मालिकेच्या खाली नाव वाचलं. संवाद: वैशाली मोकल. तिनं मला सांगितलं, मी नानांना सांगितलं.  मग त्यांनी शर्ट बदलला, बाजारात जाऊन पेढे आणले आणि मजल्या-मजल्यावर वाटले. "माझी पोरगी. सोमवारपासून आठ वाजता. सगळे माझ्याकडं या." मुलीशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, हे पेढे घेणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी तोंड गोड केलं.

सोमवारी त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मालिका खाडीकाठच्या एका गावातली होती. आबासाहेब नावाचा कंपनीतला शिफ्ट इनचार्ज, त्याची बायको माई, मुलगा, मुलगी, नवी सून. पहिल्याच दृश्यात कंपनीचा भोंगा वाजला आणि नानांनी मांडीवर थाप मारली.

"बघा! भोंगा हाय! आणि ती बघा, मोरी! मोरी दाखवली पोरीनं!"

मंगळवारीही ते तसेच खूश. "घरातलं माणूस लिहायला असलं की असं होतं. जिना नाय बघ घरात, सदा. सून पण उठल्यावर बिनगजऱ्याची."

बुधवारी आबासाहेब जेवायला बसले. माईनं बिरडं वाढलं. आबासाहेबांनी एक घास घेतला आणि ताट उचलून भिरकावलं. ताट हवेतून सावकाश गेलं, तीनतीनदा गेलं, मागं ढगांचा गडगडाट झाला. मग आबासाहेब कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "या घरात भोंगा एकच वाजतो."

 वरच्या मजल्यावरच्या ठाकूरबाईंनी हातातला पेढा तसाच बशीत ठेवला. जाहिराती लागल्या, साबणाचं गाणं मोठ्यानं वाजायला लागलं आणि पहिल्यांदाच नानांनी आवाज बंद केला नाही.

"ताट फेकलं नव्हतं," ते म्हणाले. "सरकवलं होतं."

कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

गुरुवारपासून माणसं येईनाशी झाली. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं डोकं दुखलं. मी जात राहिलो. एकदा त्यांना म्हणालोही, "नाना, कशाला बघता? दुसरं काही लावा."

"का? सगळा महाराष्ट्र बघतोय, मीच का नाय बघायचं?" ते म्हणाले. "माझ्याच घरातलं हाय ते."

महाराष्ट्र बघत होता हे खरं. आबासाहेबांचं ते वाक्य इतकं गाजलं की रिक्षावाले एकमेकांना ऐकवायला लागले. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना आउट देताना ओरडायची, "भोंगा एकच वाजतो!" एकदा मी नानांबरोबर मासळी बाजारात गेलो. त्यांनी भावात घासाघीस केली तेव्हा कोळीण हसून म्हणाली, "काय बाबा, माज्याकडं भोंगा माजाच वाजतो हां!" तिला बिचारीला काय माहीत? बाजूच्या दोघीही हसल्या. नानांनी तिनं सांगितलेल्या भावाला मासे घेतले आणि तडक घरची वाट धरली.

जाहिरातींमधली त्यांची मतं आता बदलली. मोरी, जिना, गजरा सगळं मागे पडलं. आता दुरुस्त्या सुरू झाल्या.

"इतक्या मोठ्यानं बोललो नव्हतो मी."

"हिची साडी बघ, कसली झुळझुळीत. ती अशी नेसायची नाय. सुती असायची तिची."

"माई फार रडते. ती रडायची नाय. कधी नाय रडली माझ्यासमोर." एवढं बोलून त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज परत चालू केला. पुढचं वाक्य त्यांच्या मनात आलं असावं. ते काही त्यांनी मला सांगितलं नाही.

मग एका आठवड्यात मालिकेत वेगळंच आलं. माईला गावातल्या अंगणवाडीत नोकरीची संधी येते. आबासाहेब म्हणतात, "माझ्या पगाराला काय धाड भरलीय?" विषय संपतो. इथपर्यंत नाना मान डोलावत होते, कारण हे झालेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी माई भावाकडे जाते असं सांगून एस्टीत बसते आणि गुपचूप मुलाखत देऊन येते. तिची निवड होते. घरी येऊन ती कोणाला सांगत नाही. स्वतःच नकार कळवते आणि रात्रीचे तांदूळ निवडायला बसते.

जाहिराती लागल्या तरी नाना बोलले नाहीत. मालिका संपल्यावर टीव्ही बंद करून ते माझ्या मागोमाग खाली आमच्या घरी आले. नंदा ओटा पुसत होती.

"नंदा, एक विचारतो," ते दारातूनच म्हणाले. "ती रोह्याला गेली होती काय? अंगणवाडीसाठी?"

नंदानं माझ्याकडे बघितलं. मलाही हे ठाऊक नव्हतं.

"गेली होती," ती म्हणाली. "मीच गेले होते सोबत. पहिली आली होती ती. तिथल्या बाई म्हणाल्या, उद्यापासून या. येताना एस्टीत मला म्हणाली, नंदे, माझं झालं बघ. पास झाले. आता पुरे."

"मला बोलली नाय."

"तुम्हाला काय बोलणार, नाना?"

नाना उंबऱ्यावर उभेच. "अजून काय होतं असं?" त्यांनी विचारलं. "मला ठाऊक नसलेलं?"

नंदानं फडकं पिळून दांडीवर टाकलं. ती तशी मऊ बाई आहे, पण त्या दिवशी तिचा आवाज मी ओळखला नाही. "ताई वीस पावलांवर होती तेव्हा विचारायचं होतंत. आता आठ वाजता बघा आणि कळून घ्या."

ते खरंच तसं करायला लागले. आपल्या संसारात काय झालं होतं ते त्यांना रोज संध्याकाळी टीव्हीवर कळायला लागलं. माईनं मुलीच्या फीसाठी कानातलं मोडलं, ते त्यांना तिथं कळलं. नवरा कामावर गेला की माई मोठ्यानं गाणी म्हणते, तेही तिथंच कळलं. "गायची ती?" त्यांनी मला विचारलं. मी होय म्हणालो. सेकंड शिफ्ट असली की वरून आम्हाला ऐकू यायचं. नानांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं.

पुढे माईच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हापासून नाना संध्याकाळचं जेवीनासे झाले. ओव्याचं वाक्य आलं, जसंच्या तसं. "मी घरी असलो की तुझं दुखतं कसं?" तेही आलं. नाना खुर्चीचा हात धरून बसत. मला वाटायचं की उठावं आणि टीव्हीची पिनच काढावी. पण त्यांनी मला तसं करू दिलं नसतं. काय येतंय हे त्यांना माहीत होतं आणि ते बघायला ते तयार होऊन बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची कीव आली आणि थोडा आदरही वाटला.

आणि मग ते आलंच नाही.

हॉस्पिटलच्या दृश्यात आबासाहेब आत आले, माईच्या पायाशी बसले आणि ढसाढसा रडले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "माई, मला माफ कर. मी नवरा झालो नाही, नुसता साहेब झालो," असं म्हणाले. मागं सनई वाजली. पुढच्या आठवड्यात माई बरी होऊन घरी आली. सुनेनं औक्षण केलं.

त्या दिवशी पेणमध्ये बायका डोळे पुसत जेवल्या असतील. दुसऱ्या दिवशी ठाकूरबाई जिन्यात थांबून नानांना म्हणाल्या, "किती छान दाखवलं हो! शेवटी माणूस सुधारतोच." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

नाना मात्र लालबुंद झाले होते. "खोटं हाय ते!" ते माझ्यावर ओरडले. "एवढं सगळं खरं लिवलंन आणि इथं येऊन खोटं लिवलंन. असं झालं नाय. तू होतास ना तिथं? सांग, असं झालं काय?"

"नाही झालं, नाना."

"मग?"

बरेच दिवस ते तेच धरून बसले. मालिका संपली, तिच्या जागी दुसरी आली, ती त्यांनी बघितली नाही. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात आले. "वैशू रोह्याला आलीय मामाकडं. चल." सासुरवाडीच्या त्या घरात त्यांनी बऱ्याच वर्षांत पाय ठेवला नव्हता. आम्ही एस्टीनं गेलो. वाटेत नागोठण्याला चहा प्यायला उतरलो तर म्हणाले, "पाऊण तासात पोचू ना?" इतके अधीर मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, माणूस माफी मागायला चाललाय.

मामाच्या अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. वैशाली पडवीत बसून काम करत होती. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं तिच्या. बापाला बघून ती उठली, पाणी आणलं, खुर्ची पुढे केली. नाना बसले नाहीत.

"तो शेवट तू लिवलास?"

"कुठला, आप्पा?"

"हॉस्पिटलातला. पायाशी बसून रडतो तो."

"हो."

"तसं झालं नव्हतं."

"मला माहितीये. मी उशाशी होते."

"मग का लिवलंस? तोवर बरोबर लिवलं होतंस. ते ताटाचं सोड. बाकीचं सगळं बरोबर होतं."

सगळं बरोबर होतं. हे ते असं सहज बोलून गेले, एखादा रिपोर्ट तपासून दिल्यासारखं. 

"चॅनलला तसं पाहिजे होतं," ती म्हणाली. "आबासाहेब लोकांना आवडायला लागले होते. आवडत्या माणसाला वाईट ठेवता येत नाही."

"लोकांसाठी खोटं लिवलंस."

"लोकांसाठी लिहिलं." ती म्हणाली. "आणि माझ्यासाठीही लिहिलं, आप्पा. ते वाक्य कोणाच्या तरी तोंडून एकदा ऐकायचं होतं मला. तो नट संध्याकाळी दुसऱ्या शूटिंगला निघून गेला. पण बोलला तेव्हा नीट बोलला. मी सेटवर उभी राहून ऐकलं."

एवढं बोलून ती बापाकडे बघत राहिली. मामी चहाचे कप घेऊन दारात आली होती, तीही तिथंच थांबली. माझ्या मनात आलं, आता. नाना, आता बोला. दोन शब्द बोला, कसेही बोला.

नानांनी घसा खाकरला.

"त्यानं हात चुकीचा धरला," ते म्हणाले. "सलाईन लावलेला हात धरलान. सुई निघाली असती."

वैशाली हसली. ते हसू मला बघवलं नाही. "चहा घ्या, आप्पा," ती म्हणाली आणि आपल्या कामाकडे वळली.

परतीच्या एस्टीत नाना खिडकीशी बसले. आंबा नदीचा पूल गेल्यावर म्हणाले, "पोरगी लिहिते चांगलं."

"हे तिला सांगायचं होतंत."

"तिला काय सांगायचं? तिला ठाऊक हाय."

मला इतका राग आला की पेण येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

पुढच्या पावसाळ्यात नानांना छातीत दुखायला लागलं. मी त्यांना पेणच्या एका दवाखान्यात दाखल केलं. दोन दिवस मी आणि नंदा आळीपाळीनं होतो. वैशालीला फोन केला, ती कुठल्यातरी शूटिंगवर लांब होती, निघते म्हणाली. नाना शुद्धीवर होते. मी त्यांना सांगितलं, वैशू येतेय. त्यांनी मान हलवली. मग वर बघत म्हणाले, "या पंख्याचं बेअरिंग गेलंय. आवाज ऐक. कोणाला तरी सांग." त्यानंतर ते झोपले, ते उठले नाहीत.

वैशाली आली तेव्हा त्यांना घरी आणलं होतं. इमारतीतली माणसं जमली होती. नंदानं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ती विचारेल. सांगा, तुझं नाव घेत होते म्हणून. ताईची आठवण काढली म्हणून सांगा. आपलं काय जातंय?" नानांवर इतकी वर्षं राग धरून असलेली माझी बायको, तिचे डोळे भरले होते.

मी मनात वाक्य जुळवलं. चांगलं जुळलं होतं.

वैशाली बापाजवळ थोडा वेळ उभी राहिली आणि मग माझ्याकडे आली.

"काका, शेवटी काही बोलले?"

मी तिच्याकडे बघितलं आणि ते जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडून निघेना.

"पंख्याबद्दल बोलले," मी म्हणालो. "बेअरिंग गेलंय म्हणाले."

"माझ्याबद्दल? आईबद्दल?"

"नाही."



"बरं झालं खरं सांगितलंत," ती म्हणाली. "दुसरं काही सांगितलं असतंत तर मला लगेच कळलं असतं. तसली वाक्यं मीच लिहिते."